भीती वाटते तेव्हा आधी गणना १३ उघडा

आमच्या महिला प्रार्थनासभेत कोणी रडत आलं की दुसरी लगेच म्हणते, "बाई, विश्वास ठेव, सगळं ठीक होईल." मी तिला गप्प करते. सगळं ठीक होईल, हे तुला सांगितलं कोणी?

मी निवृत्त नर्स. वॉर्डात ड्युटी बदलताना ओव्हर देतात तशी भीतीची ओव्हर द्यायला मी बायकांना शिकवते. एक वही घ्या. जे नक्की माहीत आहे तेच लिहा: "गाठ आहे. बायोप्सी झाली. रिपोर्ट गुरुवारी." त्याखाली "आता माझं काही खरं नाही" असं लिहिलंत तर ती ओळ खोडा. तो अंदाज आहे. गाठ मात्र खोडायची नाही.

मग गणना १३, म्हणजे बायबलातल्या गणना या पुस्तकाचा १३ वा अध्याय, वाचा. सावकाश. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने बारा जणांना कनान देश हेरायला पाठवलं आणि ४० दिवसांनी ते परतले. द्राक्षांचा एक घोस दोघांनी काठीवर वाहून आणला होता. शहरांना तटबंदी होती, अनाकवंशीय धिप्पाड होते. त्या बारांतल्या कालेबाने यातलं काहीच नाकारलं नाही, तरी पुढे जाऊ म्हणाला. पण घाबरलेल्या दहा जणांचं बोलणं बोट ठेवून वाचा. द्राक्षं आहेत, तट आहेत, आपण त्यांच्यापुढे टोळांएवढे, हेही आहे. परमेश्वराचं नाव एकदाही नाही. माझ्या मते अविश्वास म्हणतात तो हाच. शंका आली म्हणून कोणी अविश्वासू होत नाही. देवाला हिशेबातून वगळलं की होतं.

म्हणून वहीत पुढची ओळ त्याची. त्याने खरोखर दिलेलं वचनच लिहा: "मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही." रिपोर्ट चांगला येईल, असं त्याच्या नावावर खपवू नका.

आता दोन्ही ओळी मोठ्याने वाचून प्रार्थना करा. शब्द फुटत नसतील तर मार्क ९ मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचे उसने घ्या: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभूने त्या बापाला "आधी पक्का विश्वास घेऊन ये" म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं. तेवढंही जमलं नाही तर स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवात तक्रारीनेच आहे.

विश्वास दाखवायला कोणी बीपीची गोळी बंद केली की माझं डोकं फिरतं. गणना १४ चा शेवट वाचा. त्या दहा जणांचं ऐकून कनानात जायला घाबरलेले तेच लोक देवाने मागे वळा म्हटल्यावर शूर झाले, कराराचा कोश (देव सोबत असल्याची खूण असलेली पवित्र पेटी) छावणीत ठेवून डोंगरावर चढले आणि मार खाऊन आले. गोळी घ्या, तपासणीला जा, डॉक्टरांना प्रश्न विचारा.

थांबावं लागलं तर कालेबाकडे बघा. हेरगिरीला गेला तेव्हा तो ४० वर्षांचा होता. ८५ व्या वर्षी त्याने मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्याकडे हेब्रोनचा डोंगराळ भाग मागितला, जिथे ते अनाकवंशीय राहत होते तोच.

गुरुवारी रिपोर्ट आणायला एकट्या जाऊ नका. मंडळीतली कोणीतरी सोबत न्या. फार बोलणारी असेल तर दुसरी शोधा.