अनोळखी किनाऱ्यावर भरतीची वेळ कशी ओळखावी

आडबाजूच्या किनाऱ्यावर ना सूचनेचा फलक असतो, ना जीवरक्षक, ना मोबाइलला धड रेंज. खडकापलीकडे फिरायला जावं आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असावी, असं तिथे सहज होतं.

१. पोहोचल्यावर पाण्याच्या काठाशी एक काठी रोवा आणि २० मिनिटांनी बघा. पाणी काठीच्या वर चढत असेल तर भरती, खाली सरकलं असेल तर ओहोटी. एखाद्या दांडग्या लाटेवरून ठरवू नका, पाच-सहा लाटा पाहा.

२. पाणी सगळ्यात वर आलं ती वेळ लिहून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर त्यानंतर साधारण ६ तासांनी पूर्ण ओहोटी असते, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी १० वाजता, तर उद्या १०.५०च्या आसपास.

३. ओहोटी निम्मी झाली की फिरायला निघा, पाणी पूर्ण उतरलं की मागे फिरा. लोक नेमके पाणी पूर्ण उतरल्यावर फिरायला निघतात, म्हणून अडकतात.

काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, तेव्हा आपला हिशेब एखाद्या मच्छीमाराला विचारून घ्या. होड्या जिथवर ओढून ठेवल्यात, त्याच्याही वर आपलं सामान ठेवावं.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मात्र उधाण येतं. काल कोरडी राहिलेली जागा तेव्हा कोरडी राहीलच असं नाही.