फ्रीमेसन कसे व्हावे: चौकशीपासून दीक्षेपर्यंत

फ्रीमेसनांविषयी निम्म्या लोकांना वाटते की जगाची सूत्रे ह्यांच्या हातात आहेत. उरलेल्या निम्म्यांना वाटते की एप्रन बांधून जेवायला जमणाऱ्या म्हाताऱ्यांचा हा क्लब आहे. सभासद व्हायचे मनात असेल तर दोन्ही समजुती आधी बाजूला ठेवा. ही एक बंधुसंस्था आहे, म्हणजे सभासदांनी एकमेकांना भाऊ मानायची संस्था. तिच्यात शिरण्याचा मार्ग उघड आहे, फक्त संथ आहे. चौकशीपासून दीक्षेपर्यंत काही महिने सहज जातात, कधी वर्षही लागते. त्या काळात लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची स्थानिक शाखा, तुम्हाला पारखत असते आणि तुम्हीही लॉजला पारखायचे असते. हे दुसरे काम बहुतेक उमेदवार विसरतात.

आधी संस्था नीट निवडा

बंधुसंस्था अनेक आहेत आणि त्यांच्या अटी सारख्या नाहीत. ऑड फेलोज ही संस्था आजारपणात आणि मृत्यूनंतर एकमेकांच्या घराला आधार देण्याच्या रिवाजातून वाढली. तिची अमेरिकी शाखा १८१९ साली बाल्टिमोरमध्ये टॉमस वाइल्डी यांनी सुरू केली. नाइट्स ऑफ कोलंबस (१८८२) फक्त कॅथलिक पुरुषांसाठी आहे. फ्रीमेसनरी ह्या सगळ्यांत जुनी आणि सर्वांत पसरलेली. लंडनमधल्या चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवर देखरेख ठेवणारी मध्यवर्ती संस्था, बनली, तिचे साल परंपरेने १७१७ धरतात. पुढचे सगळे फ्रीमेसनांबद्दल आहे, पण अर्ज, शिफारस, मतदान, दीक्षा हा क्रम इतर संस्थांतही थोड्याफार फरकाने असाच असतो.

तुम्ही पात्र आहात का?

अटी मोजक्या आहेत. सज्ञान असणे (कुठे १८ वर्षे, कुठे २१), चारित्र्य स्वच्छ असणे, कोणाच्या दबावाशिवाय स्वतःहून येणे आणि परमेश्वरावर, म्हणजे कोणत्यातरी परमशक्तीवर, श्रद्धा असणे. धर्म कोणता हे विचारत नाहीत. लॉजमध्ये धर्मग्रंथ उघडा ठेवलेला असतो, आणि दीक्षार्थी स्वतःच्या धर्माच्या ग्रंथावर शपथ घेऊ शकतो. सभेत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते.

श्रद्धेच्या अटीवर पुष्कळजण अडखळतात. नास्तिक असाल तर फॉर्मवर खोटे 'हो' लिहू नका, कारण पहिल्याच विधीत हा प्रश्न सर्वांसमोर विचारला जातो. ग्रँड ओरिएंट ह्या फ्रान्समधल्या मध्यवर्ती फ्रीमेसन संस्थेने १८७७ साली ही अट काढून टाकली. त्यावरून इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यांच्याशी संबंध तोडले, ते आजही जुळलेले नाहीत. त्या परंपरेतल्या लॉजमध्ये तुम्हाला जागा मिळू शकते, पण तिथले सभासद इंग्लिश परंपरेच्या लॉजमध्ये पाहुणे म्हणून जाऊ शकत नाहीत.

स्त्रियांना इंग्लिश परंपरेच्या लॉजमध्ये सभासदत्व मिळत नाही. पण फ्रान्समध्ये १८९३ पासून स्त्री-पुरुषांच्या मिश्र लॉज आहेत आणि इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून केवळ स्त्रियांच्याही. कॅथलिक असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. चर्चने १७३८ साली फ्रीमेसनरीवर बंदी घातली आणि १९८३ साली ती पुन्हा ठामपणे सांगितली. लॉजला तुमच्या कॅथलिक असण्याची अडचण नाही, तेव्हा निर्णय तुमचा तुम्हालाच घ्यावा लागेल.

खरी लॉज ओळखा

नवख्याला फसवणारे सर्वांत जास्त ह्या टप्प्यावर भेटतात. 'इल्युमिनाटीत सामील व्हा, पैसा आणि कीर्ती मिळवा' असे मेसेज समाजमाध्यमांवर फिरत असतात. खरी इल्युमिनाटी ही गुप्त संस्था जर्मनीतल्या बव्हेरियात १७७६ साली स्थापन झाली आणि तिथल्या सरकारने १७८० च्या दशकातच ती मोडून काढली. आज त्या नावाने नोंदणी शुल्क मागणारा माणूस ठग आहे, त्याला उत्तरसुद्धा देऊ नका.

सुरुवात नेहमी वरून करा. आपल्या प्रदेशाची ग्रँड लॉज कोणती ते शोधा, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून चौकशी करा आणि जवळची लॉज त्यांनाच सुचवू द्या. प्रत्येक अस्सल लॉजला ग्रँड लॉजची सनद असते, बहुतेकांना क्रमांकही असतो. तो मागून तपासायला संकोच वाटू देऊ नका. श्रीमंत करण्याचे आश्वासन, आठवड्याभरात सभासदत्व, किंवा पैसे एखाद्याच्या खासगी खात्यात भरण्याचा आग्रह, यांपैकी एक जरी दिसले तरी विषय तिथेच संपवा.

स्वतःहून विचारा

आमंत्रणाची वाट बघत आयुष्य काढलेले लोक आहेत! जुना रिवाज असा की फ्रीमेसनाने कोणाच्या मागे लागून त्याला सभासद करायचे नाही, इच्छुकाने आपणहून विचारायचे. आता काही लॉज खुले दिवस ठेवतात, तरी पहिले पाऊल तुमचेच. ओळखीत कोणी फ्रीमेसन असेल तर सरळ म्हणा, 'मला लॉजमध्ये यायची इच्छा आहे, काय करावे लागेल?' ओळख नसेल तर सेक्रेटरीला चार ओळींचे पत्र पुरते: वय, व्यवसाय, राहण्याचा भाग आणि यावेसे का वाटते. 'ओळखी वाढाव्यात' हे कारण मात्र लिहू नका. दीक्षेआधी तुम्हाला जाहीर करावे लागते की मी लाभाच्या हेतूने येत नाही. धंद्याच्या ओळखीच हव्या असतील तर त्यासाठी व्यापारी मंडळे आहेत, तिथे काम लवकर होईल.

भेटी, आणि तुमचे प्रश्न

पहिली भेट बहुधा चहावर किंवा जेवणावर होते. पुढे दोन-तीन सभासद औपचारिक मुलाखत घेतात, काही ठिकाणी घरीही येतात. घरी येण्याचा हेतू हा की जोडीदाराला हे माहीत आहे ना आणि मान्य आहे ना, ते कळावे. लपवून सभासद होण्याचा विचार असेल तर तो सोडा. ही मंडळी कुटुंब आणि नोकरी आधी, लॉज नंतर, असे उघड सांगतात.

तुम्ही काय विचाराल? माझ्या मते गुपितांपेक्षा पैसा आणि वेळ यांची चौकशी जास्त महत्त्वाची, कारण सभासद गळतात ते बहुतेक ह्या दोन कारणांनी. प्रवेश शुल्क किती, वार्षिक वर्गणी किती, सभेनंतरच्या मेजवानीचा खर्च वेगळा का, धर्मादाय निधीला साधारण किती द्यावे लागते, पोशाख आणि एप्रन स्वतः घ्यायचा का, सभा कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत, पाठांतराच्या तालमी वेगळ्या असतात का. सगळी उत्तरे लिहून घ्या आणि वर्षाचा हिशेब मांडा. शक्य असेल तर दोन लॉज पाहा. एखादी जुन्या सैनिकांची असते, एखादी एकाच विद्यापीठातून शिकलेल्यांची. ज्या माणसांबरोबर महिन्यातली एक संध्याकाळ घालवायची, ती आवडली नाहीत तर नियम कितीही आवडून उपयोग नाही.

अर्ज आणि मतदान

अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागतात, एक प्रस्तावक आणि एक अनुमोदक. पूर्वी एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती लपवू नका. लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली तर हकालपट्टी होऊ शकते. सांगितलेल्या गोष्टीवर निदान विचार तरी होतो.

मग लॉजमध्ये गुप्त मतदान. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. इंग्लंडच्या नियमात तीन काळे गोळे पडले की अर्ज फेटाळला जातो, आणि लॉजच्या पोटनियमात दोन किंवा एकही पुरेसा ठरवता येतो. अमेरिकेत कित्येक ठिकाणी एकच पुरतो. नकार क्वचित येतो, कारण शंका असलेला अर्ज मतदानापर्यंत पोचूच देत नाहीत.

दीक्षा

इथे घाबरण्यासारखे काही नाही. बकऱ्यावर बसवतात ही शेकडो वर्षे चाललेली थट्टा आहे, आणि जुने सभासद ती तुमच्याशीही करतील. डोळ्यांवर पट्टी, एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा, अंगावर नाणे किंवा धातू नाही, एवढे तर जगाला माहीत आहे. विधीचा मजकूर १७३० सालीच लंडनमध्ये छापून विकला गेला होता. तरी तो वाचून जाऊ नका असे मी म्हणेन, कारण विधीची रंगत पुढे काय होणार ते ठाऊक नसण्यात आहे. शपथेपूर्वी तुम्हाला सांगितले जाते की हिच्यात देव, देश किंवा कुटुंब यांच्याबद्दलच्या कर्तव्याला बाधा येईल असे काही नाही. पटले नाही तर तिथूनही परत फिरता येते.

पदव्या तीन: शिकाऊ, कारागीर, उस्ताद. इंग्लंडमध्ये दोन पदव्यांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. प्रत्येक वेळी काही प्रश्नोत्तरे तोंडपाठ म्हणून दाखवावी लागतात, तेव्हा मार्गदर्शक बंधू मागून घ्या आणि तालमी चुकवू नका. तिसरी पदवी मिळाली की रॉयल आर्च, ३३ पदव्यांची स्कॉटिश राइट अशा पुढच्या संस्थांची बोलावणी सुरू होतात. वर्षभर तरी थांबा. त्यांची वर्गणी वेगळी असते आणि मूळ लॉजमधली तुमची हजेरी त्यांच्यापायी घसरते.

आणि रमला नाहीत तर? वर्गणी चुकती करून सेक्रेटरीकडे लेखी राजीनामा द्या आणि बाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. तो जवळ असला म्हणजे काही वर्षांनी परत यावेसे वाटले, किंवा दुसऱ्या लॉजमध्ये जायचे ठरले, तर अडत नाही. नुसते जायचे बंद करून वर्गणी थकवलेल्यांची नावे मात्र कमी केली जातात, आणि मग थकबाकी भरल्याशिवाय कोणतीच लॉज दाराशी उभे करत नाही.