बारीक लॅपटॉपची एसएसडी बदलताय? या चुका टाळा

एसएसडी म्हणजे लॅपटॉपमधला सगळा डेटा साठवणारी चिपची पट्टी. ती बदलणं तसं पाच मिनिटांचं काम. एक स्क्रू काढायचा, जुनी पट्टी ओढायची, नवी सरकवायची. तरी लोकांची रात्र त्यात जाते. बहुतेक वेळा घोळ झालेला असतो तो लॅपटॉप उघडण्याच्या आधीच.

सगळ्यात महागात पडते ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची चूक. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) एखादी सेटिंग बदलली की निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा की खात्यात होती, पण खात्याचा पासवर्ड त्याच बंद पडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला होता. आता मी काहीही करण्याआधी की कागदावर उतरवून घेतो, मोबाइलवरून खात्यात लॉगिन होतंय ना ते बघतो आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतो. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची नव्यावर हुबेहूब नक्कल, करणार असाल तरीही बॅकअप हवाच.

दुसरी चूक, आत काय आहे ते न बघता खरेदी. काही लॅपटॉपमध्ये एसएसडी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये ती बदलताच येत नाही. जिथे एम.२ स्लॉट (अशी पट्टी बसवायची खाच) आहे तिथेही लांबी बघा: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, २२३० म्हणजे जेमतेम ३० मिमी लांब. साटा (जुनी, संथ पद्धत) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) या दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे नुसत्या खाचा बघून ठरवू नका, मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटा पट्टी अगदी नीट बसते, लॅपटॉपला ती दिसत मात्र नाही. आणि दोन्ही बाजूंना चिप असलेली पट्टी टाळाच. बारीक लॅपटॉपमध्ये खाली जागा नसते. स्क्रू आवळला की पट्टी मधून वाकते. वर उंच हीटसिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा) असलेली तर झाकणच बसू देत नाही.

आता उघडायचं. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. कागदावर लॅपटॉपचा आकार काढा आणि निघेल तो स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावत जा. हे पोरकट वाटेल, पण लांब स्क्रू आखूड जागी गेला की वर हात टेकवायच्या जागी टेंगूळ येतं किंवा टचपॅडचं क्लिक अडकतं. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. लॅपटॉप बंद असला तरी बोर्डावर वीज असते. कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढा, वायर धरून ओढू नका.

नवी पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात तिरकी सरकवायची. सोनेरी टोकं जवळजवळ दिसेनाशी व्हायला हवीत. हात सोडला की पट्टी तिरकी उभी राहते. घाबरू नका, ती तशीच राहायला हवी. बोटाने अलगद खाली दाबा आणि स्क्रू बसेपर्यंतच फिरवा. जुन्या पट्टीवरचं मऊ थर्मल पॅड नवीवर लावायला विसरू नका. पॅड नवं असेल तर दोन्ही बाजूंचं पातळ प्लास्टिक काढा, ते राहिलं तर उष्णता नीट बाहेर पडत नाही.

सुरू केल्यावर बायोसमध्येच एसएसडी दिसत नसेल तर काढून पुन्हा नीट बसवा. बायोसमध्ये दिसते पण विंडोज इन्स्टॉल करताना यादीत येत नसेल, तर इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर कारण व्हीएमडी, म्हणजे एसएसडी हाताळणारी इंटेलची बायोसमधली सेटिंग, असतं. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड करा. क्लोन केलेल्या विंडोजवर मात्र व्हीएमडी बंद करायला जाऊ नका, बूटच होणार नाही. बंद केलं असेल तर पुन्हा चालू करा. १ टीबीची ९३१ जीबी दिसली तर फसवणूक झालेली नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. क्लोननंतर सी ड्राइव्ह वाढत नसेल तर मध्ये रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आडवं आलेलं असतं, ते पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने शेवटी सरकवावं लागतं.

पहिल्यांदा चालू करताना जुनी एसएसडी यूएसबीला जोडून ठेवू नका, नाहीतर नेमकी कुठून बूट झाली ते कळत नाही. आणि ती लगेच फॉरमॅटही करू नका. ट्रिम (पुसलेल्या डेटाची जागा एसएसडीला खरोखर मोकळी करायला सांगणारी सोय) चालू असेल तर पुसलेलं बहुधा कुठल्याच सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. तिच्यावर तारीख लिहून पंधरा दिवस कपाटात तशीच ठेवा.