डून बग्गीची देखभाल : या चुका टाळा

डून बग्गी म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर पळवायची हलकी, उघडी गाडी. बहुतेक जण ती तपासतात ती निघायच्या घाईत. तेल पाहिलं, टायर दाबून बघितला, की चला. खरी तपासणी परतल्यावरची. सैल झालेला नट, फाटलेला रबरी बूट (सांध्यावरचं आवरण), तेलाचा ओघळ हे सगळं तेव्हा ताजं दिसतं आणि दुरुस्तीला हातात दिवसही असतात.

वाळूत इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नीट न बसलेला एअर फिल्टर. फिल्टर स्वच्छ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो काढून पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला कचकच लागली तर वाळू कडेने आत शिरते आहे. क्लॅम्प आणि सीलची कड बघा. फोमचा फिल्टर पेट्रोलने धुण्याची सवय वाईट. त्याचे चिकटवलेले सांधे सुटतात, शिवाय आगीचा धोका. साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग फिल्टर ऑइल चोळा. कोरड्या फोममधून बारीक धूळ सरळ आत जाते.

दुसरी हौस प्रेशर वॉशरची. बेअरिंगच्या सीलवर जवळून फवारा मारला की पाणी आणि वाळू दोन्ही आत जातात. जोर देताना मागून टकटक येत असेल तर आधी सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचे बूट पाहा. बूट फाटलेला असेल तर आतल्या ग्रीसची एव्हाना घासायची पेस्ट झालेली असते. नुसता बूट बदलून भागत नाही, जॉइंट उघडून धुवावाच लागतो.

ब्रेकचं पॅडल दोन-तीनदा दाबल्यावरच कडक होतं? लाइनमध्ये हवा आहे, किंवा मागच्या ड्रमचे शू ॲडजस्ट करायला झालेत. दाबून धरलेलं पॅडल हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणारा पंप) बिघडलाय. अशी गाडी बाहेर काढूच नका.

इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर दाबून सोडा. पॅडल झटकन परत आलं नाही तर केबलमध्ये वाळू असू शकते.

रोल केजवर, म्हणजे गाडी उलटल्यास बसणाऱ्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्यावर, रंगात केसाएवढी गंजाची रेघ दिसली की ती तडा समजा, विशेषतः सस्पेन्शनच्या माउंटजवळ. वरून वेल्डिंगचा थर चढवणं म्हणजे तडा लपवणं. सीटचे पट्टे कडक पडले, विटले किंवा कडेला उसवले असतील तर बदला. बकलमधली वाळू पाण्याने काढा, तेल नको. तेलाला पुन्हा वाळू चिकटते.

वाळूसाठी कमी केलेली टायरची हवा पक्क्या रस्त्यावर येताच परत भरा. आणि अग्निशामक बाटली? पट्टा बांधून बसल्यावर हात पोहोचत नसेल तर तिची जागा बदला.