युनिटमध्ये क्लार्क म्हणून जाताय? मग कॅज्युअल्टी रिपोर्टबद्दल हे वाचा

मी आर्मीत क्लार्क होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो, आता खडकीला राहतो. इथली भरतीची तयारी करणारी पोरं विचारतात, काका क्लार्कला काम काय असतं, टायपिंगच ना? टायपिंग, रजा, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल कागदावर आणणारा आदेश) हे सगळं तुम्ही सहा महिन्यांत शिकाल हो. पण कोण गेला, कोण जखमी, कोण सापडत नाहीये हे लिहून पाठवणं, म्हणजे कॅज्युअल्टी रिपोर्ट, याची आधी सवय करायला मिळत नाही आणि तिथली चूक थेट कुणाच्या तरी घरात जाते.

माझ्याकडून ती झालीये. नवीन होतो, ऑपरेशनच्या भागात होतो, रात्री पुढून निरोप आला की शिंदेला गोळी लागली, हालत सिरीयस. आमच्या कंपनीत शिंदे तीन, त्यातल्या दोघांचं नाव संतोष. माझ्या डोळ्यासमोर ज्याचा चेहरा आला त्याचा नंबर मी रोलमधून, म्हणजे कंपनीच्या नावांच्या यादीतून, उचलला आणि सिग्नलमध्ये, म्हणजे वर जाणाऱ्या संदेशात, टाकला, घाईत सही झाली आणि माण तालुक्यातल्या एका घरात रात्रभर रडारड, पोरगा मात्र धडधाकट पोस्टवर उभा. सकाळी दुरुस्तीचा सिग्नल गेला. पण ज्या शिंदेला खरंच लागलं होतं त्याच्या घरी खबर दीड दिवस उशिरा पोचली, ते अजून मनातून जात नाही.

आणि हे नवख्याच्याच हातून होतं असं नाही. १९९९ ला टायगर हिलवर लढलेले १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव, त्यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं, नंतर कळलं की ते हॉस्पिटलमध्ये आहेत आणि गेला तो त्यांच्याच नावाचा दुसरा जवान.

म्हणून नावावर कधीच जायचं नाही, आर्मी नंबर मागायचा, तो प्रत्येक जवानाचा वेगळा असतो. नंबरच्या शेवटी जे अक्षर असतं ते आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने ठरतं, त्यामुळे ऐकताना एखादा आकडा चुकला तर अक्षर जुळत नाही आणि चूक तिथेच पकडता येते. फक्त ते अक्षर सोडून नंबर घेऊ नका, घाईत सगळ्यात आधी तेच गळतं. पुण्यातल्या पोरांना मी मुळा रोडच्या वॉर सेमेट्रीत घेऊन जातो, दुसऱ्या महायुद्धातल्या दगडांवर बघा म्हणतो, नावाच्या वर नंबर आणि हुद्दा कोरलेला दिसेल.

दुसरं, कोणी पाहिलं? हा प्रश्न विचारायला लाजू नका, समोर मोठे साहेब असले तरी. गळ्यातली ओळखीची डिस्क बघितली की नुसता पडताना दिसला? ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं, १० जण गाडले गेले, त्यात आपल्या साताऱ्याचाही एक जवान होता. दुसऱ्याच दिवशी सगळे गेले असं जाहीर झालं आणि सहा दिवसांनी लान्स नायक हनुमंतप्पा जिवंत सापडले. ११ तारखेला दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला, पण त्या घराने ती बातमी दोनदा सोसली. तिथे त्या परिस्थितीत कोणालाही तसंच वाटलं असतं, मी दोष देत नाहीये, पण कागदावर "बेपत्ता, मृत्यू झाला असावा" आणि "मृत" हे दोन वेगळे शब्द आहेत ते याचसाठी. उलट बाजूही आहे, कारगिलमध्ये गायब झालेल्या एका सॅपरची (इंजिनियर्सच्या जवानाची) नोंद पळून गेला अशी झाली आणि तो निघाला पाकिस्तानच्या तुरुंगात, २००४ ला परत आला तोपर्यंत बायकोचं दुसरं लग्न झालं होतं. एका चुकीच्या शब्दाने किती घरं हलतात बघा.

आकडे चुकतात ते बहुतेक या कारणाने: जखमी आरएमओकडून, म्हणजे युनिटच्या डॉक्टरकडून, पुढे हॉस्पिटलला जातो, कंपनी त्याला मोजते आणि हॉस्पिटलही मोजतं, किंवा तो वाटेत दगावतो आणि युनिटच्या कागदावर जखमीच राहतो. अशा वेळी नवीन ओळ वाढवायची नाही, जुनीच नोंद बदलायची आणि बदलाची वेळ लिहायची. आणि दुसऱ्या युनिटमधून अटॅच आलेले, सिग्नलवाला, नर्सिंग असिस्टंट, तोफखान्याची ओपी पार्टी (तोफमारा कुठे करायचा ते पुढून बघून सांगणारे), हे तुमच्या रोलवर नसतात पण तुमच्याच बरोबर पुढे जातात. निघायच्या आधी त्यांची नंबरासकट वेगळी यादी करा, एक पुढे द्या, एक मागे ऑफिसात ठेवा. रोजची नफरी, म्हणजे माणसं किती आणि कुठे याची मोजणी, कंटाळवाणी वाटते पण लढाईच्या रात्री तुमच्याकडे तेवढंच असतं, आदल्या संध्याकाळी कोण कुठे होतं ते खरं माहीत असेल तर निम्मा रिपोर्ट तयार.

वर टीव्हीवाले, गावाकडून फोन, सगळे विचारत राहतात, हल्ली तर व्हॉट्सॲपवर घरी आधीच काहीबाही पोचतं. तरी पक्कं झाल्याशिवाय नाव सोडायचं नाही, पण जेवढं पक्कं आहे तेवढं लगेच पाठवायचं, सगळं जमेपर्यंत धरून ठेवायचं नाही.

शेवटचं नेक्स्ट ऑफ किनचं, म्हणजे घरी खबर कोणाला द्यायची त्याचं. पोराचं लग्न होतं, पार्ट टू ऑर्डर निघायची राहते, कागदावर वडीलच, आणि वडील जाऊन दोन वर्षं झालेली. सुट्टीवरून कोणी आला की माझ्या टेबलासमोर उभा करून मी तीन गोष्टी विचारायचो: घरी कोण आहे, फोन तोच आहे का, गावाचं पोस्ट आणि पोलीस स्टेशन कुठलं. पोरं वैतागायची, तरी मी विचारायचोच.