एव्हरेस्ट बेस कॅम्पचा खर्च मांडताय? आधी खोळंबा लिहा

कागद घ्या आणि पॅकेजचा आकडा टाकायच्या आधी सगळ्यात वर लिहा: खोळंबा. त्याच्यासमोर रक्कम लिहा, मग बाकीचं. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडची जी मंडळी यंदा ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघायच्या गोष्टी करतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बूट कुठले, जॅकेट कुठलं, हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतील. खोळंब्याचं कोणी सांगत नाही. गेल्या खेपेला आमच्याही कागदावर तो रकाना नव्हता. 'इतर' म्हणून किरकोळ रक्कम धरली होती, ती वाटेतल्या नामचे गावच्या बेकऱ्यांत कॉफी नि अॅपल पायवर उडाली, आणि पुढे परतीचं विमान धरायच्या लुकलात उसनवारी करायची पाळी आली.

खोळंबा होतो तो मुख्यतः लुकलाला. विमानतळ सुमारे २८४५ मीटरवर, धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही चढाची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसली तरच विमान उतरतं, आणि दुपारकडे वारा-ढग वाढतात म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळचीच. सकाळ ढगात गेली की दिवस गेला. दुसऱ्या दिवशी हवा उघडली तरी त्या दिवसाची तिकिटं असलेले आधी जातात, कालचे राहिलेले जागा मिळेल तसे. म्हणजे एक दिवस बिघडला की तुमचे दोन-तीन जाऊ शकतात. त्या दिवसांचं राहणं-जेवण तुमचं. तोवर काठमांडू-मुंबई विमान निघून गेलेलं असतं, नवं तिकीट आदल्या दिवशीच्या भावाने तुमचंच. मुंबईहून पुढची गाडीही चुकलेली. धीर सुटला की शेअरमधलं हेलिकॉप्टर समोर दिसतं, त्याचे माणशी शेकडो डॉलर, आणि दोनशे माणसं अडकलेली असतील तर तोही भाव वर.

माझ्या मते खोळंब्यासाठी पॅकेजच्या रकमेचा किमान पाव हिस्सा बाजूला काढावा. उरला तर घरी येईल. 'बघू, लागले तर कार्ड आहे' असं म्हणणाऱ्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता पॅकेज. एजंटाला फोनवर 'सगळं धरून ना?' असं विचारू नका, तो हो म्हणतो. लेखी मागा. काठमांडूतल्या रात्री किती? जेवण डोंगरात धरलंय की फक्त खोली? पोर्टर दोघांत एक की स्वतःचं स्वतः वाहायचं? गाइड-पोर्टरचा विमा कोणाकडे? सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाची फी भारतासारख्या सार्क देशांच्या नागरिकांना १५०० नेपाळी रुपये आहे, इतर परदेशींना ३०००, वर कर. तुमच्या हिशेबात कुठली धरलीय ते बघा, कारण तयार छापील पॅकेज बहुधा गोऱ्यांच्या हिशेबाने केलेलं असतं. स्थानिक पालिकेचा परवाना वेगळा, तो धरलाय का तेही विचारा. लुकलाचं विमान काठमांडूहून की रामेछापहून? हंगामात बरीचशी रामेछापच्या मंथली विमानतळावरून उडतात. म्हणजे काठमांडूहून मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांची गाडी. ती गाडी पॅकेजमध्ये नसेल तर दोन्ही वेळचे पैसे तुमचे.

आणि शेवटचा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही: लुकलात अडकलो तर त्या दिवसांची गाइडची मजुरी कोण देणार? काही एजन्सी देतात, काही तुमच्याकडे बोट दाखवतात. उत्तर लेखी घ्या आणि आकडा खोळंब्याच्या रकान्यात टाका.

दिवस कापून पैसे वाचवू नका. पॅकेज स्वस्त दिसतं ते बऱ्याचदा विश्रांतीचे दिवस गाळल्यामुळे. आपण राहतो समुद्रसपाटीला. आपल्या उंबऱ्यापासून बेस कॅम्पजवळच्या काळा पत्थर टेकडीपर्यंतचा फरक साडेपाच किलोमीटर उंचीचा, आणि तिथे हवेचा दाब इथल्या निम्म्यावर येतो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज सुमारे पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. म्हणून नामचे (३४४० मीटर) आणि दिंगबोचे (४४१० मीटर) इथला जादा मुक्काम असलाच पाहिजे. त्या दोन रात्रींचा खर्च बघून ज्याच्या पोटात दुखतं त्याने महिपतगड-सुमारगड-रसाळगड करावा, उत्तम ट्रेक आहे, खेडहून जाता येतं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं आपापल्या डॉक्टरला विचारा, ग्रुपवर नको.

विमा. इथे कंजुषी करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला बरोबर नेत नाही. साधा प्रवास विमा चालत नाही, पुष्कळ पॉलिस्यांमध्ये ठरावीक उंचीच्या वरचं ट्रेकिंग वगळलेलं असतं. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर, काळा पत्थर त्याहून वर, म्हणून ६००० मीटरपर्यंतचं संरक्षण शब्दांत लिहिलेलं हवं. हेलिकॉप्टरने खाली आणणं त्यात धरलेलं हवं. आधी विमा कंपनीची परवानगी लागते का, की पैसे स्वतः भरून मागाहून मागायचे, हेही निघायच्या आधी कळायला हवं. वर डोकं ठणकत असताना पॉलिसी वाचता येत नाही. शिवाय २०१८ साली नेपाळ सरकारने खोट्या हेलिकॉप्टर सुटकांची चौकशी केली होती. गरज नसताना ट्रेकरला खाली उतरवून विमा कंपन्यांकडून बिलं उकळायचा धंदा होता तो. म्हणून कोणी साध्या डोकेदुखीवर 'हेलिकॉप्टर मागवू, विमा आहे ना' म्हणायला लागला तर आधी विमा कंपनीला फोन. खरंच तब्येत ढासळत असेल तर मात्र पैशाचा विचार नको, ताबडतोब खाली.

विम्यात उड्डाण उशिराची भरपाई असते, असं सांगून कोणीतरी खोळंब्याची रक्कम कापायला निघेल. भरपाई मिळालीच तर घरी पोचल्यावर, कागदं जोडून, काही आठवड्यांनी. लुकलाच्या लॉजवाल्याला पैसे त्याच रात्री हवे असतात. रक्कम कापायची नाही.

आणि ही रक्कम रोख हवी. भारतीय १०० रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. नेपाळी आकड्याला पाचाने गुणून आठाने भागलं की आपले रुपये. दर ठरलेला म्हणून घासाघीस करण्यात अर्थ नाही, फक्त कमिशन बघा. भारतीय नोटा शंभराच्या न्या. मोठ्या नोटांचे तिथले नियम अनेक वर्षं अडचणीचे राहिलेत, शंभराची निर्धास्त चालते. काठमांडूत मार्च २०२४ पासून दुकानांच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालायला लागलंय, म्हणून वर्गणीतला एक तरी उत्साही 'रोख कशाला?' विचारणारच. नेटवर्क नाही, म्हणून. लुकला, नामचेला एटीएम आहे, पण चालू असेल आणि त्यात नोटा असतील याची हमी मी देणार नाही. नामचेच्या पुढे एटीएमचा विचारच सोडा. रोज लागणारे पैसे एका पाकिटात, खोळंब्याचे दुसऱ्या पाकिटात चिकटवून, बॅगेच्या तळाशी. पाकीट एकाने ठेवायचं, आणि तो एक म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात चिक्कू माणूस. हौशी माणूस नको.

आता आपल्याकडचं पंचांग. ट्रेकचे हंगाम दोन: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. बागायतदाराला पहिला बाद, हापूस झाडावर सोडून कोण जाणार? राहिला ऑक्टोबर. त्याच्या तोंडावर गणपती. आणि गणपतीत कोकणातला माणूस हिशेब ठेवत नाही, हे आपण एकमेकांना कशाला सांगायचं. आरास, पाहुणे, भजनं, मुंबईकरांचं येणं-जाणं, यात ट्रेकसाठी ठेवलेली रक्कम हां हां म्हणता जाते. म्हणून जूनमध्ये आंब्याचे पैसे हातात आले की त्यातूनच खोळंब्याची रक्कम मुदत ठेवीत टाका. पगारदारांनी जुलै-ऑगस्टचं काय ते करावं. एजंटाचा हप्ताही चतुर्थीच्या आधी भरा. आणि तुम्ही नसताना भातकापणी मजुरांवर गेली तर ती मजुरीसुद्धा ट्रेकच्याच खर्चात मांडा. घरातली माणसं ती मांडतातच, मनात.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात संपतं, त्यामुळे जाताना एक वेळ आणि येताना दुसरी असं होऊ शकतं. तिकीट काढताना तारीख घालून वेळ बघा. परतीला दिवाळी लागून आली तर प्रतीक्षा यादी आणि ट्रॅव्हल्सचे भाव या दोन्हींशी गाठ आहे. म्हणून लुकलाहून उतरायचा ठरलेला दिवस आणि काठमांडूहून घरचं विमान यांच्यामध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. दोन. 'एक पुरे' म्हणणाऱ्याला मधल्या एका दिवसाचं हॉटेल वाचतं आणि मुंबईचं अख्खं विमान जातं. हे दोन दिवस असले तरी खोळंब्याचे पैसे लागतातच. दिवस आणि पैसे, दोन्ही हवेत.

काठमांडूच्या विमानाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. व्हिसा नाही.

सामान. कोकणात थंडीचे कपडे विकत घेऊन पुढे करायचं काय, हा प्रश्न खरा आहे. जाड डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत ठमेलला भाड्याने मिळतात, अनामत रोख द्यावी लागते. भाडं दिवसावर असतं. लुकलात बसून राहिलात की जॅकेटचं मीटरही चालू राहतं, आलं लक्षात? हेही त्याच रकान्यात. बूट मात्र स्वतःचे, आणि ते पावसाळ्यानंतर नीट तपासा. आपल्या दमट हवेत न वापरता ठेवलेल्या बुटांचा पॉलियुरेथेनचा तळ ओलाव्याने आतून कुजतो. वरून नवा दिसणारा बूट चढावर तोंड उघडतो. अंगठ्याने तळ दाबून बघा, भुगा पडला तर नवे घ्या, आणि ते सप्टेंबरातच घ्या, म्हणजे पायात बसतील. लुकलाच्या विमानात एकूण वजन साधारण १५ किलो, त्यामुळे कुळथाचं पीठ, आंबापोळी, चिवडा असं सगळं घर उचलून नेऊ नका. आंबापोळी न्या. पीठ नेलंत तर लॉजवाला उकळत्या पाण्याचे पैसे लावतो.

वर सगळं याक, माणसाची पाठ नाहीतर हेलिकॉप्टरने येतं, म्हणून जितके चढाल तितका दर चढतो. डाळभात घ्या, पुन्हा वाढतात आणि त्याचे जादा पैसे नसतात. जिथे राहाल तिथेच जेवायचं, खोली स्वस्त असते ती त्याच बोलीवर. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, जनावर मारत नाहीत, मटण-चिकन खालून चालत आलेलं असतं, किती दिवसांचं ते विचारू नका, खाऊही नका. मासळीवाचून माणूस मरत नाही. चार्जिंग, वायफाय, गरम पाण्याची आंघोळ, प्रत्येकाचं वेगळं बिल. पॉवर बँक न्या, क्लोरीनच्या गोळ्या न्या, आंघोळ विसरा.

टीप: गाइड आणि पोर्टरची, वर्गणी काढून, आधीच वेगळी ठेवलेली, नेपाळी नोटांत. ती खोळंब्याच्या पाकिटातून द्यायची नाही. शेवटच्या संध्याकाळी लुकलात देतात, आणि विमान दुसऱ्या दिवशी असतं, असेल असं वाटतं.

बाकी टॉर्च, गॉगल, सनस्क्रीन, ओआरएस, आपापली औषधं. टॉयलेट पेपर खालूनच घ्या. सिमकार्ड काठमांडूत. खरेदी परतताना करा, जाताना नाही. सराव म्हणून रोज जिने. मोजे चांगले घ्या, चार जोड.