विरघळलं म्हणजे गेलं नाही: कूलरपासून ओआरएसपर्यंत या चुका टाळा

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर धुवायला निघतात आणि पांढऱ्या थराची तक्रार सुरू होते. वाळ्याच्या ताट्या दगडासारख्या कडक झालेल्या, पंप अडकलेला, टाकीच्या कडेला खडबडीत पापुद्रा. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे शेजारच्या काकू दरवर्षी मलाच विचारतात, "अगं, पाणी तर मी आरशासारखं स्वच्छ टाकते. मग हा चुना येतो कुठून?"

तो त्या आरशासारख्या पाण्यातूनच येतो. बोलताना आपण "साखर वितळली" असं सहज म्हणून जातो, पण बर्फ वितळतो आणि साखर विरघळते. वितळताना पदार्थ एकटाच घनाचा द्रव होतो. विरघळताना त्याचे कण पाण्याच्या कणांमध्ये पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात तिथेच. पुढच्या बहुतेक चुका "दिसत नाही म्हणजे नाही" या समजुतीतून होतात.

कूलरची टाकी नुसती भरत राहणं

बोअरच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत असं धरा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एवढीच मर्यादा इष्ट मानली आहे, म्हणजे हे काही वाईट पाणी नाही. ४० लिटरच्या टाकीत त्याचे २० ग्रॅम क्षार आले. कूलर पाण्याची वाफ करतो, क्षारांची नाही. रोज एक टाकी उडाली आणि आपण वरून भरत राहिलो, तर एप्रिल-मे या दोन महिन्यांत १ किलो २०० ग्रॅम क्षार त्याच कूलरमध्ये साठतात.

त्यातलं मीठ सहज बसत नाही, कारण १०० मिलिलिटर पाण्यात ते ३६ ग्रॅमपर्यंत मावतं. आधी बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी. शुद्ध पाण्यात तो लिटरला जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. मग जमिनीतून एवढा वर येतो कसा? मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला की तोच खडक बायकार्बोनेट होऊन विरघळतो. ताटीवर पाणी पसरलं की हा वायू हवेत निघून जातो आणि कार्बोनेट पुन्हा दगड होऊन चिकटतो. गिझरच्या कॉइलवर हेच उष्णतेने घडतं.

म्हणून दर तीन-चार दिवसांनी टाकीचं बूच काढून तळाचं पाणी पूर्ण सोडून द्या आणि मगच नवं भरा. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी केलीत, तर डेंग्यूच्या डासाची अंडीही जातात.

बसलेल्या थरावर मिळेल ते ॲसिड ओतणं

नुसत्या पाण्याने हा थर कितीही घासला तरी हलत नाही, तेव्हा लोक संडासाचं ॲसिड आणतात. ते थर काढतं हे खरं, पण पत्र्यावरचा जस्ताचा मुलामाही खातं, आणि पुढच्या वर्षी टाकी गळते. त्यात कुणी ब्लीचिंग पावडर मिसळली, तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांवर जातो. ही दोन कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकसुद्धा नको.

साधा पांढरा व्हिनेगर पुरतो. बुडबुडे येतात आणि कार्बोनेटचं कॅल्शियम ॲसिटेट होतं, जे पाण्यात भरपूर विरघळतं, म्हणून थर खरोखर धुऊन जातो. बरेच जण लिंबूसत्त्व वापरतात आणि काम लवकर व्हावं म्हणून ते उकळत्या पाण्यात घालतात. इथे गंमत उलटी आहे. तयार होणारं कॅल्शियम सायट्रेट मुळातच कमी विरघळतं, आणि पाणी तापलं की आणखी कमी. मग एक पांढरा थर जाऊन दुसरी पांढरी भुकटी बसते. लिंबूसत्त्वच वापरायचं असेल तर साध्या पाण्यात, सढळ हाताने, आणि लगेच धुऊन टाका. दोन्हींचा थेंब कोटा फरशीवर पडू देऊ नका. ती फरशीही चुनखडीचीच आहे, तिची झिलई जाते.

तुरटीबद्दलही सांगते. तुरटी फिरवल्याने तरंगणारा गाळ खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात आणि बायकार्बोनेटचा जडपणा भांड्याच्या तळाशी बसतो. सल्फेट आणि क्लोराइडचा जडपणा मात्र तसाच राहतो, आणि अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही.

ओआरएसचं पाकीट एका ग्लासात

ही चूक मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती काळजीपोटी होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, घरात कुणाला जुलाब लागतात, आणि "जरा स्ट्राँग करू" म्हणून एक लिटरचं अख्खं पाकीट एका ग्लासात ढवळलं जातं. सगळं विरघळतं, पाणी नितळ दिसतं, म्हणून ते बरोबर झालं असं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. पाण्यात किती मावतं यावर हे आकडे ठरलेले नाहीत, आतड्याला काय पेलतं यावर ठरले आहेत. आतडं ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. द्रावण फार दाट झालं तर पाणी उलट शरीरातून आतड्यात येतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक चढू शकतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच साध्या द्रावणावर असंख्य जीव वाचवले, आणि तिथेही जीव वाचवला तो प्रमाणानेच.

पाकिटावरचं माप वाचा, कारण २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. आधी पाणी मोजा, मग पूर्ण पाकीट टाका. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या. ऊन लागून माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तोंडाने काही न देता थेट दवाखाना गाठा.

सावजी जिभेवर, उपाय पाण्याचा

सावजी रस्सा झोंबला की हात पाण्याकडे जातो, आणि आग आणखी पसरते. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. दूध किंवा दही घ्या. त्यातली चरबी आणि केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला उचलून नेतात.

आपल्या तर्री पोह्यांचं गुपितही हेच. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून तिखट आधी बेताच्या गरम तेलात घाला. पाणी ओतल्यावर वरून तिखट भुरभुरलंत, तर रस्सा तिखट होईल, पण तर्री सुटणार नाही.

जीवनसत्त्वांचंही तसंच आहे. ब आणि क पाण्यात विरघळतात, म्हणून भाजी उकळून पाणी फेकलं की तीही बरीच जातात. अ, ड, ई आणि के स्निग्ध पदार्थांत विरघळतात, म्हणून ड जीवनसत्त्वाची गोळी जेवणासोबत घ्यावी. ती लघवीवाटे सहज निघून जात नाहीत, शरीरात साठतात, तेव्हा मनाने डोस वाढवू नका.

उन्हाळ्यातली मासोळीची टाकी

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले की भुकेले आहेत असं समजून खाद्य टाकलं जातं. त्यांना हवा असतो प्राणवायू. वायूंचा नियम साखरेच्या उलट आहे: पाणी तापलं की ते कमी विरघळतात. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. जास्तीचं खाद्य कुजताना उरलेलाही खातं. पाणी बदलायचं म्हणून उकळून गार केलेलं पाणी घालणं तर आणखी वाईट, उकळीने त्यातली हवा आधीच निघून गेलेली असते. नळाचं पाणी क्लोरीन उडावा म्हणून उघड्या बादलीत दिवसभर ठेवा आणि तेच घाला. टाकीत वनस्पती असतील तर हवेचा पंप रात्री बंद करू नका. अंधारात त्याही प्राणवायूच घेतात, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो.